पोलिसांसाठी समुपदेशन कक्ष: खोली मिळाली, पुढे काय?

रात्रगस्त

नमस्कार मंडळी. राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या पोलीस आयुक्तालयात ताणतणाव निवारण कक्षाला मंजुरी मिळाली आहे. मनुष्यबळ साधारण ३,५००. पोलीस ठाणी १८, शिवाय मुख्यालय, वाहतूक शाखा, नियंत्रण कक्ष. पदरात पडले ते इतकेच: मुख्यालयात एक खोली, कंत्राटी पद्धतीने एक समुपदेशक आणि एक वर्षाची मुदत. वर्षाअखेरीस 'किती जणांनी लाभ घेतला' असा आकडा द्यायचा आहे.

योगशिबिर, 'तणावमुक्त जीवन' व्याख्यान आणि गुलाबपुष्प देतानाचा फोटो हे सगळे बाजूला ठेवून बोलू. ते दरवर्षी होतेच.

अडलेले मुद्दे असे. माणूस त्या खोलीपर्यंत येणार कसा? तिथे बोललेले वरिष्ठांपर्यंत जाणार नाही याची हमी कशी द्यायची? ज्याच्याकडे शस्त्र आहे आणि ज्याची काळजी वाटते त्याचे काय करायचे? आणि ड्युटीचे तास तेच राहिले तर या कक्षाला काही अर्थ उरतो का? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी तपशिलात लिहावे.

---

हजेरीपट

आधी खोली बदलून घ्या. मुख्यालयात अंमलदार जातो तो ओ.आर.ला (वरिष्ठांसमोरच्या पेशीला), नाहीतर खातेनिहाय चौकशीला, नाहीतर पगाराच्या भानगडीला. त्याच व्हरांड्यात 'ताणतणाव निवारण कक्ष' अशी पाटी लागली की आत जाणारा कोण, हे संध्याकाळच्या हजेरीपर्यंत सगळ्या ठाण्याला कळलेले असते. जागा अशी हवी जिथे जायला माणसाकडे दुसरेही कारण असते: पोलीस कँटीनच्या शेजारी, वसाहतीतल्या समाजमंदिरात, किंवा सरळ महापालिकेच्या दवाखान्यात. पाटीवर 'आरोग्य व कुटुंब सल्ला' पुरे.

वेळ सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ ठेवा, म्हणजे पाळी सुटताना किंवा लागताना येता येते. दहा ते सहाचा कक्ष हा कारकुनांसाठीचा कक्ष.

आता खरी मेख. अंमलदार आणि कक्ष यांच्या मधे ड्युट्या लावणारा हजेरी मास्तर बसलेला असतो. दोन तास सुटायचे तर त्याला कारण सांगावे लागते. म्हणून आयुक्तांचे परिपत्रक दोन ओळींचे असू द्या: महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास 'वैद्यकीय तपासणी'साठी सोडावे, हा वेळ कर्तव्यावरील धरावा, ठाणे दैनंदिनीत फक्त 'वैद्यकीय' अशी नोंद घ्यावी आणि कोणता विभाग, कोणता डॉक्टर हे विचारू नये. दात काढायला गेलेला आणि समुपदेशकाकडे गेलेला कागदावर सारखेच दिसले पाहिजेत.

ड्युटीच्या तासांबद्दल म्हणाल तर मुंबईचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. २०१६ च्या मे महिन्यात देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. मूळ आराखडा तिथल्याच एका शिपायाचा होता, हे विशेष. पुढे ती शहरभर नेली, करोनात घडी विस्कटली, नंतर पुन्हा बसवण्याचे प्रयत्न झाले. ती का टिकत नाही याचे उत्तर हिशोबात आहे.

चोवीस तास चालणारी एकच जागा घ्या, समजा ठाणे अंमलदाराची. आठ तासांच्या तीन पाळ्या म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या. एक माणूस वर्षात किती दिवस मिळतो? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा आणि २० नैमित्तिक रजा (२०२२ मध्ये १२ च्या २० झाल्या) वजा केल्या तर २६३. म्हणजे एका जागेला ४.१६ माणसे. प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा आणि आजारपण यात धरलेले नाही. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या तर तीच जागा २.७८ माणसांत भागते. फरक दीडपट. मंजूर पदे तेवढीच असताना हा फरक कुठून तरी वसूल होतो, आणि तो साप्ताहिक सुट्टीतून होतो.

पोलीस संशोधन व विकास ब्युरोचा २०१४ चा देशपातळीवरचा अभ्यास हेच सांगतो: ठाण्यातल्या ७३.६ टक्के कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती, आणि आठ तासांच्या पाळीसाठी मनुष्यबळ १.६८ पट लागेल. ३,५०० च्या आयुक्तालयात नवी भरती तुमच्या हातात नाही. सुट्टीचा तक्ता मात्र आहे. पुढच्या महिन्याचा तक्ता २५ तारखेला लावायचा. रद्द झालेली सुट्टी १५ दिवसांत परत द्यायची. एकाच माणसाची सुट्टी लागोपाठ दोनदा रद्द करायची तर सही एसीपींची (सहायक पोलीस आयुक्तांची). या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. माणसाला सुट्टी हवी असते हे खरेच, पण त्याहून जास्त त्याला ती कधी आहे हे आधी कळायला हवे असते. मुलीच्या शाळेतला कार्यक्रम ठरवता येतो.

---

बदलापूर_फास्ट

हजेरीपट यांच्या हिशोबात एक भर. ८/१६ (आठ तास काम, सोळा तास आराम) आणि १२/२४ यांची तुलना करताना प्रवास धरला नाही तर उत्तर चुकते.

१२ तास ड्युटी, २४ तास आराम: चक्र ३६ तासांचे. आठवड्याला सरासरी ५६ तास काम आणि ४.६७ फेऱ्या. ८/१६ साप्ताहिक सुट्टीशिवाय चालवले तर काम तेच ५६ तास, पण फेऱ्या ७. कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल इथून येणाऱ्याला जाऊन-येऊन तीन तास धरा. म्हणजे पहिल्या पद्धतीत १४ तास लोकलमध्ये, दुसरीत २१. मग लोकच 'आम्हाला बारा-चोवीस द्या' म्हणतात आणि वर बसलेले म्हणतात, बघा, यांनाच आठ तास नको आहेत. आठ तास हवेच असतात. साप्ताहिक सुट्टी गिळलेले आठ तास नको असतात. सुट्टी धरून ८/१६ म्हणजे ४८ तास काम आणि ६ फेऱ्या.

मधला मार्ग असा: ठाण्यापासून तासाभराच्या आत राहणाऱ्यांना ८/१६, लांबच्यांना १२/२४, आणि निवड वर्षातून दोनदा बदलता यावी. कागदावर किचकट वाटते, पण हजेरीचा तक्ता साध्या एक्सेलमध्ये असेल तर चालते.

---

मेंदूचा_डॉक्टर

वैद्यकीय बाजू लिहितो. लांबेल, पण यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

नेमणूक. 'समुपदेशक' हा शब्द आपल्याकडे फार सैल आहे. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेलाही समुपदेशक आणि एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेलाही. जाहिरातीत ही नोंदणी अनिवार्य लिहा. औषध मात्र तोही देऊ शकत नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाशी लेखी व्यवस्था हवी: आठवड्याला एक ठरलेली ओपीडी, केसपेपर नेहमीच्या रांगेतला, गणवेशात यायची सक्ती नाही.

क्षमता. एका माणसाने दिवसाला पाचच्या वर सत्रे घेऊ नयेत. महिन्याला २२ दिवस धरले तर ११० सत्रे. प्रत्येकाला सरासरी सहा लागली तर महिन्याला १८ नवे लोक, वर्षाला साधारण २२०. तुमच्या ३,५०० पैकी सहा टक्के. म्हणून 'लाभार्थी' वाढवण्यासाठी दर आठवड्याला ठाण्यावर नेऊन व्याख्यान द्यायला लावू नका. खोलीतली सत्रे त्यातच बुडतात.

चाळणी. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली मराठीत आहे. गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर पुढे तपासायचे. जीएडी-७ चिंतेसाठी, ऑडिट दारूसाठी (दहा प्रश्न, ८ पासून पुढे लक्ष). साधने चांगली आहेत, घोळ वापरण्यात होतो. परेडनंतर मैदानात कागद वाटले, वर 'नाव व बक्कल नंबर' असा रकाना ठेवला, गोळा करायला कारकून फिरला. परिणाम: सगळ्यांचे गुण शून्य, आणि अहवालात 'दल तणावमुक्त असल्याचे आढळले'. दलाचे एकूण चित्र हवे असेल तर निनावी घ्या. एका माणसाचे निदान हवे असेल तर बंद खोलीत, तो स्वतः आल्यावर घ्या. आणि निनावी घेताना पीएचक्यूचा नववा प्रश्न, म्हणजे स्वतःला इजा करण्याचे विचार, काढून आठच ठेवा. कारण तिथे कुणी 'जवळजवळ रोज' लिहिले तर तो कोण हे तुम्हाला कळणार नाही आणि काहीच करता येणार नाही. त्या कागदाच्या तळाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ छापा. चोवीस तास, मराठीतही, मोफत, आणि आयुक्तालयाशी संबंध नसलेला.

मोठ्या घटनेनंतर काय करायचे, हे बहुतेक ठिकाणी उलटे केले जाते. अपघातात लहान मुलांचे मृतदेह उचलावे लागले, सहकारी गेला, जमावाने घेरले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून 'मनातले बोला' म्हणतात. हेतू चांगला असतो. पण एकाच बैठकीत सगळे पुन्हा आठवायला लावण्याने पुढचा आघातजन्य विकार टळत नाही, काहींना उलट त्रास वाढू शकतो. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्याने हे २००२ मध्येच मांडले आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही असे करू नका म्हणतात. त्याऐवजी पहिल्या ७२ तासांत साध्या गोष्टी: अंघोळ, गरम जेवण, घरी फोन, झोप, पुढच्या पाळीतून सूट, आणि ओळखीच्या माणसाने 'कसा आहेस' विचारणे. दारूवर आणि झोपेच्या गोळ्यांवर नजर. महिन्याने पुन्हा भेट. तेव्हाही तीच दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील, झोप उडाली असेल, ती जागा टाळत असेल, तर आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारा मानसोपचार), साधारण ८ ते १२ सत्रे. यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, गोड बोलणारा पुरत नाही.

दारू. 'आजपासून सोडतो' अशी शपथ सगळ्यांसमोर घ्यायला लावणे धोक्याचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, थरथर, ताप. हा जिवावरचा प्रकार आहे. सोडवणे रुग्णालयातच.

झोपेबद्दल एकच गोष्ट. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांतून दिसले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. नाकाबंदीत समोरच्याच्या तोंडाला यंत्र लावणारा सकाळपासून उभा असेल तर लायसन्स खरे कुणाचे काढून घ्यायचे, हा प्रश्नच आहे. पाळ्या फिरवताना सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने फिरवा. उलट्या क्रमाने शरीराला जड जाते. रात्रपाळीत पहाटे २ ते ४ च्या दरम्यान २०-३० मिनिटांची आळीपाळीने डुलकी अधिकृत करा. आजही ती घेतली जातेच, फक्त चोरून आणि एकाच वेळी सगळ्यांकडून.

---

रात्रगस्त

डॉक्टर, फार उपयोगी. पण गोपनीयतेचे राहिले. 'आमच्या माणसाबद्दल आम्हाला कळायला नको का?' असे वरिष्ठांचे म्हणणे येणारच आहे.

---

मेंदूचा_डॉक्टर

येणारच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम २३ उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन घालते. अपवादही तिथेच आहेत, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. मात्र नुसत्या समुपदेशकाचे स्थान त्या कायद्यात स्पष्ट नाही. म्हणून त्याच्या कंत्राटातच लिहून घ्या:

नोंदी समुपदेशकाच्या ताब्यात, कुलपात. बारनिशीतून (आवक-जावक शाखेतून) काहीही जाणार नाही. सरकारी ई-मेलवर नावे नाहीत. वेळ ठरवण्यासाठी वेगळे सिमकार्ड. वरिष्ठांना तिमाहीला फक्त आकडे, आणि ज्या ठाण्यातून दहापेक्षा कमी लोक आले त्याचा आकडा वेगळा दाखवायचा नाही, नाहीतर 'तिघे कोण' याचा शोध सुरू होतो. खातेनिहाय चौकशीत समुपदेशकाला साक्षीला बोलावले जाणार नाही असे परिपत्रकात म्हणा. अपवाद तीनच: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. हे तिन्ही पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत, समोरच्याला तोंडी सांगायचे आणि कागदावरही द्यायचे.

वरिष्ठांना कळायला हवे ते इतकेच: हा माणूस सध्या कोणत्या प्रकारचे काम करू शकतो. 'रात्रपाळी नको, सहा आठवडे' हे कळवता येते. का, ते नाही.

---

हडसनकाठचा

न्यूयॉर्कची व्यवस्था तिकडे लागू पडेल तेवढीच सांगतो. अमेरिकेत पोलिसांसाठी खात्यातच मानसशास्त्रज्ञ नेमणे नवे नाही. लॉस एंजेलिसने १९६८ मध्ये मार्टिन रायझर यांना पूर्णवेळ घेतले. तरीही न्यूयॉर्कमध्ये नव्वदच्या दशकाच्या मध्यात आत्महत्या वाढल्या तेव्हा ध्यानात आले की लोक खात्याच्या डॉक्टरकडे जात नाहीत, कारण तिथे गेले की पिस्तूल आणि बिल्ला जमा होण्याची भीती. त्यातून १९९६ मध्ये 'पोप्पा' ही खात्याबाहेरची संस्था उभी राहिली. फोन उचलणारे स्वतः पोलीस, पण स्वयंसेवक म्हणून. नोंद खात्याकडे जात नाही. तेही पुरले नाही. २०१९ मध्ये तिथल्या दहा पोलिसांनी जीव दिला, आणि मग शहराने एका मोठ्या खासगी रुग्णालयाशी करार करून मोफत, गोपनीय उपचाराची तिसरी वाट काढली.

यातून तुमच्या कामाचे इतकेच: वाट एकच ठेवू नका. कुणाचा विश्वास डॉक्टरवर असतो, कुणाचा बॅचमेटवर, कुणाचा खात्याशी संबंध नसलेल्या कुणावर.

बॅचमेटच्या वाटेला इथे 'पीअर सपोर्ट' म्हणतात. तुम्ही 'साथी' म्हणा. निवड वरून करू नका. प्रत्येक ठाण्यात चिठ्ठी वाटा: 'रात्री दोनला अडचण आली तर ठाण्यातल्या कोणत्या दोघांना फोन कराल?' ज्यांची नावे वारंवार येतात त्यांना विचारा. त्यातून हजेरी मास्तर, वरिष्ठ निरीक्षकांचे रायटर (लेखनिक) आणि ड्युटी लावण्याचा अधिकार असलेले सगळे वगळा, कितीही चांगले असले तरी. तीन दिवसांचे प्रशिक्षण: ऐकणे, धोका ओळखणे, पुढे पाठवणे. उपचार करणे नाही. साथीलाही दर तिमाहीला कुणीतरी ऐकून घ्यावे लागते, हे विसरले जाते आणि वर्षभरात साथीच थकतात.

पाळीच्या वादाबद्दलही एक. डेट्रॉइट आणि आर्लिंग्टन इथे पोलिसांना चिठ्ठ्या टाकून ८, १० आणि १२ तासांच्या पाळ्यांत विभागून अभ्यास झाला. अहवाल २०११ चा. दहा तासवाल्यांना झोप सर्वांत जास्त मिळाली आणि जादा काम कमी झाले. बारा तासवाले जास्त थकलेले. पण तिथे दहा तासांच्या पाळीत आठवड्याला चारच दिवस काम होते. तेवढा भाग गाळून 'दहा तास उत्तम' असा निष्कर्ष कुणी काढला तर हा अहवाल लगेच परत कपाटात ठेवा.

---

साईड_ब्रांच

शस्त्राच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहिते.

नेहमी होते असे: कुणाबद्दल काळजी वाटली की वरिष्ठ निरीक्षक त्याचे पिस्तूल जमा करून घेतात, तेही सगळ्यांदेखत. त्या क्षणापासून तो ठाण्यात 'तो' होतो. पुढचा माणूस मग तोंड उघडत नाही. शस्त्र दूर करणे गरजेचेच आहे, त्यावर वाद नाही. संकटाची लाट बहुतेकदा तासांची किंवा दिवसांची असते आणि तेवढ्या वेळात हाताशी साधन नसणे याने जीव वाचतो. प्रश्न शस्त्र कसे दूर करायचे याचा आहे.

उपाय सरसकट नियमात आहे. १५ दिवसांहून जास्त वैद्यकीय रजेवरून हजर होणाऱ्या प्रत्येकाला पहिले चार आठवडे विनाशस्त्र काम आणि रात्रपाळी नाही. पाय मोडलेला असो, कावीळ झालेली असो की नैराश्य. मग कुणालाच शिक्का बसत नाही. दुसरा नियम: पाळी संपली की शस्त्र शस्त्रागारात जमा, घरी नेण्याची परवानगी अपवाद म्हणून आणि लेखी. तातडीच्या वेळी हत्यारी कामावरून काढायचे असेल तर आदेश 'प्रशिक्षण' किंवा 'तात्पुरती संलग्नता' म्हणून निघावा, आणि त्याच दिवशी साथी किंवा घरचे कुणी त्याच्यासोबत असावे. त्याला एकट्याला बराकीत बसवून ठेवणे सगळ्यात वाईट.

विनाशस्त्र काम म्हणजे कोणते? पासपोर्ट पडताळणी, सीसीटीएनएसवर (गुन्ह्यांच्या संगणक प्रणालीवर) नोंदी, बारनिशी. नियंत्रण कक्ष नको. लोकांना वाटते तिथे नुसते बसायचे असते. ११२ वर रात्रभर रडणारे, मारहाण होत असलेले, शेवटचा फोन करणारे आवाज ऐकायचे आणि पुढे त्यांचे काय झाले हे कधीच कळायचे नाही. ते आरामाचे काम नव्हे.

रजेचा हिशोबही माणसाला आधी सांगा. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस साठते. वैद्यकीय दाखल्यावर ती परावर्तित करून पूर्ण पगारी घेतली की दुप्पट वजा होते, म्हणजे वर्षाच्या शिलकीत दहाच दिवस. उपचाराला सहा आठवडे लागणार असतील तर जुनी शिल्लक किती, हे आस्थापना शाखेतून आधी काढा. नाहीतर माणूस नुसता घरी बसतो, 'विनापरवाना गैरहजर' लागते, कसुरी अहवाल जातो, आणि आजाराच्या जोडीला विभागीय चौकशी येते.

नोकरी जाण्याची भीती असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चे कलम २०(४) दाखवा: सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून काढता किंवा पदावनत करता येत नाही, समान वेतनाचे दुसरे काम द्यायचे. मानसिक आजार त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. केंद्रीय सशस्त्र दलांसारख्या काहींना सूट दिलेली आहे, म्हणून विधी शाखेचे मत आधीच घेऊन ठेवा. ऐन वेळी नको. आणि कुणी आत्महत्येचा प्रयत्न केलाच असेल तर मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ त्याला तीव्र ताणाखाली होता असे धरते. त्याच्यावर गुन्हा नोंदवायची घाई आपल्याच ठाण्यात होऊ नये.

---

जामीनदार

सगळे मनाबद्दल बोलतायत, पगारपत्रक कुणी पाहिले का? पतसंस्थेचे कर्ज, गाडीचा हप्ता, घराचा हप्ता, आणि वर तीन सहकाऱ्यांना दिलेला जामीन. त्यातल्या एकाने हप्ते थकवले की वसुली जामीनदाराच्या पगारातून. हातात पडतात त्या पैशात महिना निघत नाही, आणि हे बायकोला माहीत नसते. समुपदेशक सहा सत्रे घेईल, कर्ज तिथेच.

आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच खोलीत बँकेतला निवृत्त माणूस आणि एक वकील बसवा. कर्ज एकत्र करणे, जामिनाची जबाबदारी, घरगुती वाद, क्वार्टर सोडण्याची नोटीस. याचा दुसरा फायदा मोठा: खोलीत जाण्याला कारण मिळते. 'कर्जाचं विचारायला गेलो होतो' असे कुणालाही सांगता येते.

---

बदलापूर_फास्ट

+१. आणि घरच्यांसाठी वेगळा फोन नंबर. तो झोपत नाही, चिडतो, पितो हे आधी घरात दिसते, ठाण्यात नंतर. तमिळनाडूने बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेबरोबर केलेल्या पोलिसांच्या उपक्रमात कुटुंबीयांनाही सामील केले होते, ते याच कारणाने. फक्त वसाहतीतली बैठक गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर ठेवू नका, रिकाम्या खुर्च्यांना सांगावे लागेल.

महिला अंमलदारांचेही लिहितो, कारण ते नेहमी शेवटी येते. बंदोबस्ताच्या जागी स्वच्छतागृह नसेल तर त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. ताण, डोकेदुखी, लघवीचा जंतुसंसर्ग, सगळे तिथून. बंदोबस्ताच्या आराखड्यात प्रत्येक पॉइंटपासून जवळचे स्वच्छतागृह कोणते आणि बदली कोण देणार, हे दोन रकाने वाढवा. विसर्जनाला मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते हे पुण्यात दरवर्षी माहीत असते. बदलीची दुसरी तुकडी आधीच कागदावर हवी.

---

रात्रगस्त

सगळ्यांचे आभार. आराखडा बदलतोय. खोली कँटीनशेजारी मागतो. शेवटचा प्रश्न: वर्षाअखेरीस आकडा कोणता द्यायचा? 'किती आले' हाच दिला तर पुढच्या वर्षी समुपदेशकाला व्याख्यानांना जुंपतील.

---

हजेरीपट

चार आकडे द्या, नावाशिवाय. स्वतःहून आलेले किती आणि पाठवलेले किती. पहिले वाढत गेले तर विश्वास बसतोय. दुसऱ्या भेटीला परत आलेले किती. ठाणेनिहाय रद्द झालेल्या साप्ताहिक सुट्ट्या आणि त्यांतल्या १५ दिवसांत परत दिलेल्या. आणि वैद्यकीय रजेवरून परत आलेल्यांपैकी तीन महिन्यांनी कामावर असलेले किती.

तिसरा आकडा आयुक्तांच्या मासिक गुन्हे आढावा बैठकीत, गुन्ह्यांच्याच तक्त्यात शेवटच्या रकान्यात लावून घ्या. ज्या वरिष्ठ निरीक्षकाला तो रकाना सगळ्यांसमोर वाचावा लागतो, त्याच्या ठाण्याचा तक्ता पुढच्या महिन्यात २५ तारखेला लागतो.